चांदीसारखे दिसणारे दागिने: आठ महिने वापरल्यावर

तीन दागिने एकदमच घेतले होते: जर्मन सिल्व्हरचा हार, पितळेवर चांदीचा मुलामा दिलेलं कडं आणि ऑक्सिडाइज्ड झुमके. दुसऱ्या हातात माझं जुनं ९२.५ चांदीचं कडं असायचंच, त्यामुळे तुलना आपोआप होत गेली.

मुलाम्याच्या कड्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चौथ्या महिन्यात मनगटाच्या हाडावर घासून पितळ उघडं पडलं.

हार मात्र मनात भरला. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. साधारण ६० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. तांब्याची लाली मारून रंग पांढरा करतं ते निकेल. हा धातू चांदीपेक्षा कठीण; हाराची नक्षी आजही बोटाला तशीच लागते, माझ्या चांदीच्या कड्यावर मात्र तेवढ्यात बारीक चरे उमटले. घामाच्या दिवसांत मानेवर हिरवट रेघ यायची. ते तांब्याचे क्षार, धुतले की जातात. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, तिचा डाग वेगळा. पुसायला मऊ कोरडं कापड पुरतं. सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा उपाय साध्या चांदीवर छान चालतो, पण ऑक्सिडाइज्ड चांदीवर करू नका. नक्षीतला मुद्दाम दिलेला काळेपणाही निघून जातो.

खरा त्रास झुमक्यांनी दिला. दुसऱ्याच आठवड्यात कानाच्या पाळ्यांना खाज सुटली, मग लाली, मग पाणी. डॉक्टरांनी निकेलची अ‍ॅलर्जी सांगितली. ती एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. युरोपीय संघात टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटावं असा नियम आहे. माझ्या झुमक्यांच्या चिठ्ठीवर नुसतं 'सिल्व्हर' लिहिलेलं होतं. निकेल हा एक शब्द तिथे असता तर मी ते कानात घातलेच नसते, याचा मला अजून राग येतो.

म्हणून विकत घेताना 'चांदी आहे का' एवढ्यावर थांबू नका. 'निकेल आहे का' हेही विचारा. कानातलं असेल तर दांडी कशाची आहे ते आधी.

झुमक्यांना आता चांदीचे आकडे लावून घेतलेत आणि पाळ्या बऱ्या आहेत. हार टाकवत नाही. गळाबंद कपड्यावरून घालते, त्वचेला लागणार नाही असा.