अठरा हजार पाचशेचा वेताळ

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे हसायचं ते हसून घ्या. २८,००० रुपयांना फसलो. त्यातले १८,५०० एका अंकाचे: इंद्रजाल कॉमिक्स या जुन्या चित्रकथामालेचा पहिला इंग्रजी अंक, मार्च १९६४, 'द फँटम्स बेल्ट'. फँटम म्हणजे आपला वेताळ. उरलेले ९,५०० सोबतच्या अकरा अंकांचे.

पुढची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. जुन्या कॉमिक्सच्या ग्रुपवर फोटो, "आजोबांचं कपाट रिकामं करतोय", "मुंबईचे एक गृहस्थ उद्या सकाळी येताहेत", मग टोकन म्हणून यूपीआयवर ५,०००. असल्या पोस्टी वाचून मीच लोकांना अक्कल शिकवत आलो. पण वेताळ मी लहानपणी भाड्याने आणून वाचलाय, एका दिवसात परत करायच्या अटीवर. तो पहिला अंक स्वतःच्या घरात असावा असं वाटलं, यात गुन्हा काय?

आता लाज वाटण्याचा भाग. मी चौतीस वर्षं छापखान्यात काढली. त्यातली बारा कटिंग मशीनवर.

भेट अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका अमृततुल्यात, संध्याकाळी सात वाजता. (वेळ त्याने ठरवली. दिवसाउजेडी दाखवायला नको म्हणणाऱ्याचा माल घेऊच नका.) मुलगा तिशीचा, नम्र, वाक्यागणिक "काका, काका". अंक प्लास्टिकच्या पिशवीत. मुखपृष्ठ पिशवीतूनच बघितलं. मग त्यानेच अंक बाहेर काढून पानं चाळून दाखवली. मी हात पुढे केला तर म्हणाला, "काका, हाताचं तेल लागतं, कंडिशन उतरते." मलाही ते जबाबदारपणाचं वाटलं.

आणि इथेच. पानं सरसर सरकत होती आणि मला कडा दिसल्या. स्वच्छ, धारदार. पानाचा रंग मधोमध जेवढा, कडेलाही तेवढाच. जुना न्यूजप्रिंट कडेपासून पिवळा पडत आत सरकतो. लाकडाच्या लगद्याचा कागद, हवा-उजेड आधी कडेला लागतो. इथे ती पिवळी कड गायबच होती. म्हणजे कुणीतरी नुकतंच कटिंग मारलं होतं. हे मला कळायला भिंग लागत नाही, झोपेत कळतं. मी बोललोसुद्धा, "कडा फारच साफ आहेत रे." तो म्हणाला, "आजोबांनी ट्रंकेत ठेवले होते." आणि मी, बारा वर्षं कटिंगवर काढलेला माणूस, म्हणालो, "हो, ट्रंकेत राहतं चांगलं." माझ्याच तोंडाने त्याची बाजू मांडली! बसल्या जागी उरलेले २३,००० पाठवले आणि चहाचे पैसेही मीच दिले.

घरी आल्यावर भिंग काढलं. छापील रंगाचे ठिपके ओळीत, ठरलेल्या जाळीत बसतात. मुखपृष्ठावर नुसता शिंतोडा होता, घरगुती प्रिंटरचा. डाव्या कोपऱ्यात घडी दिसत होती, पण बोट फिरवलं तर सपाट. घडीसुद्धा छापलेली! मधल्या पानांवर गंजाचा डाग, पण पिन चकचकीत, आणि डाग पिनेपासून सूतभर खाली. मुखपृष्ठावर तर डागाचा पत्ताच नाही. म्हणजे आतली पानं दुसऱ्याच अंकाची, नव्या कव्हरात कापून बसवलेली. कितव्या? शेवटच्या पानावरच्या पेन्सिलीच्या जाहिरातीत पत्ता होता, बॉम्बे ४०० ०२०. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. १९६४ च्या अंकात तो कुठून येणार? बायको म्हणाली, "जाहिराती वाचायची सवय नाही ना तुम्हाला." ती सवय लावून घ्या. गोष्ट पुन्हा छापता येते, जाहिरात तारीख सांगून जाते.

बाकीचे अकरा खरे आहेत, पण दोनांची मधली पानं गायब. ओळखीच्या संग्राहकाने सगळ्यांचे मिळून जेमतेम ३,००० सांगितले.

आता चौकी. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कॉमिक्स म्हणजे लहान मुलांची पुस्तकं ना? अठरा हजारांना?" मागे बसलेला शिपाई हसला. मग म्हणे, "वस्तू मिळाली ना काका? मग हा दिवाणी मामला." मी म्हणालो, खोटी वस्तू खरी म्हणून विकली, फसवणुकीचं जुनं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. त्यावर म्हणे, चहाचं दुकान आमच्या हद्दीत नाही. ज्यांच्या हद्दीत होतं ते म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोरासमोर भेटलात, हे सायबर कसं? वर "अंक खोटा असल्याचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा". कुठल्या तज्ज्ञाचं ते त्यांनाही सांगता येईना. अमेरिकेत कॉमिक्सची प्रत तपासून सीलबंद करून देणाऱ्या कंपन्या आहेत. इथे मीच तज्ज्ञ, आणि मीच बावळट ठरलेला. बँकेत काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पिन तुम्हीच टाकला ना सर?" हो बाई, मीच टाकला. सहा खेपा झाल्या, रिक्षाचे ७४० रुपये वेगळे. हातात आहे एका अर्जाची पोच, त्यावर माझं आडनावही चुकवलंय.

तरी तुम्ही मात्र पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपोटी तीन दिवस थांबलो, तोवर पैसे पुढे सरकले. अंक स्वतःच्या हातात घेतल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. "मूळ अंक, खोटा निघाल्यास पैसे परत" असं सहीनिशी लिहून मागा, तिथेच निम्मे पळतील. आणि जुन्या बाजारात शंभर रुपयांना फाटका अंक मिळाला तर घेऊन ठेवा, खरा कागद कसा लागतो ते बोटांना कळू द्या.

ग्रुपमधून त्याने मला काढलंय. परवा भाच्याच्या फोनवर बघितलं. नवीन नाव, "मामांचं कपाट", पहिला अंक, २१,००० रुपये. डाव्या कोपऱ्यात तीच घडी.