घरच्या संगणकाला लिक्विड कूलर हवा का? डीपकूल एके६२० वापरल्यानंतरचे मत

नवा संगणक असेंबल करून घेताना दुकानदार हल्ली प्रोसेसरच्या पाठोपाठ लिक्विड कूलरचे, म्हणजे प्रोसेसरची उष्णता द्रवातून वाहून नेणाऱ्या यंत्रणेचे, नाव काढतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला पाहणाऱ्या विदर्भातल्या ग्राहकाला ते चटकन पटते. माझे मत मात्र असे आहे की घरगुती वापराच्या बहुतेक संगणकांना लिक्विड कूलरची गरज नसते, आणि त्यावर खर्च होणारे पैसे जास्तीची रॅम, भरवशाचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) किंवा हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट यांवर घालणे अधिक शहाणपणाचे आहे. आमच्या अकोल्याच्या घरी एएमडी कंपनीच्या रायझन ७ ७७०० या प्रोसेसरवर डीपकूलचा एके६२० हा पंख्याचा कूलर बसवलेला आहे. त्याच्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

प्रोसेसर किती वॅट वीज घेतो आणि ती सलग किती वेळ घेतो, यावरच हा सगळा निर्णय ठरतो, कारण घेतलेली वीज अखेरीस उष्णता होऊनच बाहेर पडते. ७७०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणून विकला जात असला, तरी पूर्ण भार आल्यावर त्याला ८८ वॅटपर्यंत मुभा असते, आणि एएमडी त्याच्यासोबत डब्यातच रेथ प्रिझम हा कूलर देते. त्या कूलरवरही काम भागते; फक्त भार वाढला की त्याचा आवाज वाढतो, आणि रात्री शांत घरात तो जाणवतो. याउलट इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची मूळ मर्यादा १२५ वॅट असली तरी टर्बो (गरजेनुसार वाढवलेला वेग) चालू असताना ती २५३ वॅटपर्यंत जाते, आणि त्याच्या डब्यात कूलर येतच नाही. या दोघांना एकच सल्ला देणारा दुकानदार ग्राहकाच्या कामाचा विचार करत नाही, असे मी म्हणेन.

एके६२० मध्ये धातूच्या पातळ पात्यांचे दोन मनोरे, तांब्याच्या सहा हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचे दोन पंखे आहेत. कंपनी तो २६० वॅटपर्यंत पुरेसा असल्याचे सांगते. तो आकडा मी फारसा मनावर घेत नाही, पण ८८ वॅटसाठी हा कूलर गरजेपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि म्हणूनच त्याचे पंखे संथ फिरूनही काम होते. व्हिडिओ एक्स्पोर्ट होत असताना शेजारी बसून फोनवर बोलता येते. उणिवाही आहेत. त्याची उंची १६० मिलिमीटर असल्याने अरुंद कॅबिनेटचे झाकण लागत नाही, आणि पुढचा पंखा रॅमच्या वर येत असल्याने उंच रॅम घेणाऱ्याने आधी मोजमाप करावे. वजन सुमारे दीड किलो आहे; हा भार मदरबोर्डवर आडवा लटकत असल्याने घर बदलताना संगणक टेम्पोत उभा ठेवू नये, कॅबिनेट आडवे करून न्यावे किंवा कूलर काढून घ्यावा.

लिक्विड कूलरविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की त्यातले पाणी प्रोसेसरला गार करते. प्रत्यक्षात पंप त्या द्रवाबरोबर उष्णता रेडिएटरपर्यंत, म्हणजे पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत, नेतो, आणि तिथे पुन्हा खोलीतलीच हवा पंख्याने फिरवली जाते. हीट पाइपच्या आतही थोडा द्रव असतोच. तो गरम टोकाला वाफ होऊन गार टोकाला पुन्हा द्रव होतो, आणि तेही पंपाशिवाय. दोन्हींपैकी कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली २८ अंशांवर असताना प्रोसेसर ६८ अंशांवर राहत असेल, तर तेवढ्याच भाराला खोली ४० अंशांवर गेल्यावर तो साधारण ८० अंशांवर जाणार, आणि ७७०० ची मर्यादा ९५ अंशांची आहे. उन्हाळ्यात खिडकीत वाळ्याचा कूलर लावल्याने जो फरक पडतो, तो दोन्ही प्रकारांत सारखाच पडतो. फक्त त्याचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये.

गेम खेळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड एकटेच २०० वॅटपर्यंत वीज घेते, म्हणजे कॅबिनेटमधली बहुतांश उष्णता तिथून येते, आणि प्रोसेसरवर बसवलेला लिक्विड कूलर तिचे काहीच करत नाही. उलट रेडिएटर वरच्या बाजूला असेल तर कार्डाची गरम हवा त्याच्यातूनच बाहेर पडते.

आपल्याकडच्या धुळीचा विचार तर वेगळाच करावा लागतो. एके६२० चा पुढचा पंखा तारेची क्लिप ओढून काढला की पहिल्या पात्यांच्या कडांवर करड्या धुळीचा जाड थर बसलेला दिसतो. मऊ ब्रश आणि ब्लोअरने तो निघतो, मात्र ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. पंखा बिघडला तर काही शे रुपयांत दुसरा मिळतो, आणि तोपर्यंत धातूचे मनोरे थोडे तरी काम करत राहतात. लिक्विड कूलरचा पंप बंद पडला की प्रोसेसर लगेच तापून स्वतःचा वेग कमी करतो किंवा संगणक बंद होतो, आणि आतला भाग सीलबंद असल्याने बहुधा संपूर्ण कूलरच बदलावा लागतो. गळती क्वचित होते, पण गळून इतर भाग खराब झाल्यास भरपाई मिळते का, हे वॉरंटीच्या कागदावर वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

तरीही लिक्विड कूलर घ्यावा अशी माणसे आहेत. १४९००के सारखा प्रोसेसर असेल आणि थ्रीडी रेंडरिंगसारखे काम तासन्‌तास चालत असेल, तर ३६० मिलिमीटरचा रेडिएटर खरोखर उपयोगी पडतो. उंच कूलर मावत नाही पण रेडिएटर मावतो, अशा लहान कॅबिनेटमध्येही तो योग्य ठरतो. मात्र तो बसवताना पंप रेडिएटरच्या वरच्या टोकापेक्षा खाली राहील असे पाहावे, नाहीतर आतली हवा पंपात साठून तो घरघरतो आणि लवकर झिजतो.

बाकीच्यांनी खरेदीआधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन विजेची मर्यादा कमी करून पाहावी. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स ला २३० वॅटची मुभा असते. ईको मोडमध्ये ती १४२ किंवा ८८ वॅटवर आणता येते, आणि घरच्या रोजच्या कामांत वेगातली घट बहुतेकांना जाणवतही नाही. या बदलाला एक रुपयाही लागत नाही.