लेंड्यांची वही: पुण्यातील ससे व गिनीपिग संगोपन घराचा अनुभव

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत, वॉशिंग मशीन आणि कुंड्या यांच्या मधल्या सांदीत, तारेच्या पिंजऱ्यात एक पांढरा ससा जवळजवळ दोन वर्षे राहत होता. मुलाच्या वाढदिवसाला आणलेल्या त्या सशाचे नाव ‘कापशा’ असे ठेवले होते. मुलाची हौस फिटल्यावर सकाळची उरलेली पोळी, ग्लुकोजची बिस्किटे आणि अधूनमधून एखादे गाजर एवढेच त्याच्या वाट्याला येत होते. घर बदलताना शेजारच्या वहिनींनी, “तुम्ही ठेवता का? नाहीतर टेकडीवर सोडून देतो,” असे विचारले, तेव्हा मी पिंजऱ्यासकट त्याला घरी आणले. त्यानंतरच्या सात आठवड्यांत ज्या घरगुती संगोपन केंद्राने त्याला पुन्हा उभे केले, त्याच्या कामाविषयीचा हा अभिप्राय आहे. केंद्राचे नाव आणि पत्ता मी चालकांच्या विनंतीवरून देत नाही. एकदा त्यांचा पत्ता फोनवरून सर्वत्र फिरला, तेव्हा महिनाभर रोज सकाळी फाटकाशी खोकी सापडत होती, आणि त्यांतल्या एका खोक्यातली पिल्ले उजाडेपर्यंत जगली नव्हती.

टेकडीवर सोडण्याचा विचार अनेकांना दयेचा वाटतो, म्हणून त्याविषयी आधी लिहितो. आपल्या माळरानावर दिसणारा करडा-तपकिरी ससा आणि दुकानात मिळणारा पांढरा ससा हे वेगवेगळ्या जातींचे प्राणी आहेत. दुकानातला ससा युरोपातील बिळात राहणाऱ्या सशापासून माणसाने पैदा केलेला आहे. त्याला आपल्या टेकडीवर लपता येत नाही, पांढऱ्या रंगामुळे तो लांबून दिसतो आणि कुत्र्यांच्या तावडीत एक-दोन दिवसांत सापडतो. पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात १० ते ५० रुपये दंड आहे, आणि ही रक्कम वाचून मला अतिशय वाईट वाटले.

कापशाला घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी तो काहीच खाईना. जवळच्या एका दवाखान्यात नेले असता तेथे त्याला अमॉक्सिसिलिन या पेनिसिलीन गटातल्या प्रतिजैविकाचे पातळ औषध तोंडावाटे द्यायला सांगण्यात आले. ते औषध मी हातात घेतलेही होते. तेवढ्यात एका ओळखीच्या व्यक्तीने दिलेल्या क्रमांकावर मी फोन लावला आणि केंद्र चालवणाऱ्या ताईंशी बोलणे झाले. त्यांनी माझे नाव विचारण्याआधी विचारले, “शेवटची लेंडी कधी टाकली, आणि केवढी होती?” औषधाचे नाव ऐकताच त्या म्हणाल्या, “ते मुळीच देऊ नका. बाटली बाजूला ठेवा आणि ससा लगेच घेऊन या.” पेनिसिलीन गटातली औषधे तोंडावाटे दिली, तर ससा आणि गिनीपिग या दोघांच्याही आतड्यांतले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि प्राणी काही दिवसांत दगावतो, हे मला त्या दिवशी समजले. कुत्र्या-मांजरांवरची पिसवांची फिप्रोनिल असलेली औषधेही सशाला विषासमान असतात. केवळ या एका फोनसाठीसुद्धा मी या केंद्राचा ऋणी राहीन.

केंद्र म्हणजे एका जुन्या बैठ्या घराच्या मागच्या दोन खोल्या आणि बंदिस्त केलेला व्हरांडा आहे. खाली ज्यूटची पोती आणि जुन्या सुती चादरी अंथरलेल्या असतात, तारेची जाळी कोठेही पायाखाली नसते. सशाच्या तळपायाला कुत्र्यासारखी गादी नसून नुसते केस असतात. तारेवर बसून बसून ते केस झिजतात आणि टाचेला जखमा होतात. कापशाच्या दोन्ही मागच्या टाचा अशाच लालभडक आणि केस गेलेल्या होत्या. ताईंनी त्याला टेबलावर न ठेवता जमिनीवर मांडी घालून मांडीत घेतले, एक हात छातीखाली आणि दुसरा हात मागच्या पायांखाली घातला, आणि मला दाखवले की सशाला कान धरून का उचलायचे नाही: त्याची हाडे इतकी हलकी आणि मागचे पाय इतके जोरकस असतात की हवेत लाथ झाडताना त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. मग कान उघडला. आत तपकिरी पापुद्र्यांचा थर होता, जळक्या पोळीसारखा, एकावर एक बसलेला. मी तो काढायला बोट पुढे केले, तर त्यांनी हात धरला. तो थर कानातल्या किड्यांचा असतो आणि तो ओढून काढला तर खालची कातडी सोलवटून निघते. औषधाची इंजेक्शने ठरावीक अंतराने दिल्यावर तो आपोआप गळून पडतो. तसाच तो अठराव्या दिवशी चादरीवर पडलेला सापडला, आणि खाली गुलाबी, स्वच्छ कान होता.

त्याच तपासणीत कापशा हा नर नसून मादी असल्याचे उघड झाले, तेव्हापासून तिचे नाव कापशी झाले. दुकानातून नर म्हणून दिलेली मादी किंवा ‘दोन माद्या’ म्हणून दिलेली जोडी हा प्रकार तेथे नित्याचा आहे. सशाची गर्भावस्था अवघ्या महिनाभराची असते आणि व्यालेली मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे एका चुकीच्या ओळखीतून सहा महिन्यांत घरात किती पिल्ले होतात याचा अंदाज येतो.

या केंद्राची खरी गुणवत्ता मला एका साध्या शंभरपानी वहीत दिसली. प्रत्येक प्राण्याची स्वतंत्र वही असते आणि तीत रोज सकाळ-संध्याकाळ वजन, खाल्लेले गवत, पाणी आणि लेंड्यांची संख्या व आकार लिहिलेला असतो. कापशीच्या पहिल्या दिवशीच्या नोंदीत ‘वजन १ किलो ६१० ग्रॅम, लेंड्या ९, मोहरीएवढ्या, कोरड्या’ असे आहे. सातव्या दिवशी ‘लेंड्या सुमारे ८०, हरभऱ्याच्या निम्म्या, एकमेकांना केसाने जोडलेल्या’, तर विसाव्या दिवशी ‘मोजणे सोडले, हरभऱ्याएवढ्या, फोडल्यावर गवताचा भुसा’ असे लिहिले आहे. ससा आजार लपवतो, ओरडत नाही आणि त्याला उलटी होत नाही, त्यामुळे त्याचे पोट थांबल्याची पहिली बातमी लेंड्यांतूनच मिळते. बारा तास खाणे बंद असेल तर ती तातडीची वेळ समजायची, हा नियम केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. रात्री तयार होणाऱ्या मऊ, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या ससा स्वतः खातो आणि त्यांतून त्याला पोषण मिळते. घाण म्हणून त्या उचलून टाकायच्या नसतात, हेही मला याच वहीमुळे कळले.

आहाराच्या बाबतीत येथील शिस्त कडक आहे, आणि माझ्या मते बरे होण्याचा नव्वद टक्के भाग तोच आहे. सशाचे दात, पुढचे आणि दाढा दोन्ही, आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्याचे काम फक्त लांब तंतूचे गवत चघळण्याने होते. पोळी आणि बिस्किटावर वाढलेल्या कापशीच्या दाढांना टोके आली होती आणि ती जिभेला रुतत होती, म्हणून तिला भूक असूनही खाता येत नव्हते. ती टोके केंद्राच्या डॉक्टरांनी भूल देऊन घासली. पुढचे दात नखे कापायच्या कात्रीने कापले तर उभे चिरतात, त्यामुळे तेथे तसे कोणी करत नाही. त्यानंतरचे पाच दिवस गवताच्या भुकटीचे कालवण सुई नसलेल्या सिरिंजने तोंडाच्या बाजूने, दर तीन-चार तासांनी, थोडे थोडे भरवण्यात आले; त्यांपैकी दोन रात्री मी तेथे थांबलो होतो. परदेशी टिमोथी गवत महाग पडते, म्हणून केंद्र निम्मे टिमोथी आणि निम्मी सावलीत वाळवलेली हरळी व मारवेल असे मिश्रण वापरते. दूधवाल्यांकडे सहज मिळणारा लसूणघास प्रौढ सशाला रोज दिला, तर त्यातल्या कॅल्शियममुळे मूत्राशयात गाळ साठतो, म्हणून तो फक्त पिल्लांना आणि गाभण माद्यांना मिळतो. गाजर म्हणजे गोड खाऊ. बोटाच्या पेराएवढे, तेही कधीतरी.

गिनीपिगांची खोली वेगळी आहे. सशांमध्ये निरुपद्रवी राहणारे काही जिवाणू गिनीपिगांच्या फुप्फुसांना घातक ठरतात, सशाची एक लाथ त्यांना पुरते, आणि त्यांचा आहारही निराळा असतो, म्हणून हे दोघे एका पिंजऱ्यात ठेवणे चूक आहे. माणसाप्रमाणेच गिनीपिगाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. मी तेथे असताना आणलेली एक तपकिरी मादी मागचे पाय ओढत चालत होती, गुडघे सुजलेले, अंगावरचे केस राठ, आणि उचलताच ती चिरकत होती. आणणाऱ्या गृहस्थांना ती पडली असावी असे वाटत होते. प्रत्यक्षात तिला केवळ पक्ष्यांचे दाणे मिळाले होते आणि तो स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार होता. क जीवनसत्त्व पाण्यात टाकले तर लवकर निकामी होते, त्यामुळे तिला ते थेट तोंडात, आणि त्यासोबत रोज ढोबळी मिरची व कोथिंबीर असे देण्यात आले. दहाव्या दिवशी कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज ऐकून तिने शीळ घातली आणि ती जाळीशी येऊन मागच्या पायांवर उभी राहिली, तेव्हा खोलीतले आम्ही तिघेही काही क्षण बोललो नाही.

कापशीचे वजन २ किलोवर गेल्यावरच तिची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. नसबंदी न झालेल्या वयस्क माद्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असते, त्यामुळे ही शस्त्रक्रिया केंद्र ऐच्छिक मानत नाही. शस्त्रक्रियेच्या सकाळी तिला उपाशी ठेवले नव्हते, आणि शुद्धीवर येताच तिच्यासमोर गवत होते. सशांच्या बाबतीत हेच योग्य आहे, कारण रिकामे पोट त्यांना सोसत नाही.

आता उणिवा. नव्याने आलेल्या प्राण्यांना दोन आठवडे वेगळे ठेवण्याची जागा म्हणजे तो बंदिस्त व्हरांडा असून त्यावर पत्रा आहे. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता माझ्या तापमापकाने तेथे ३४ अंश दाखवले. वाळ्याचे ओले पडदे आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या प्राण्यांशेजारी ठेवलेल्या होत्या, तरी सशाला तिशीच्या पुढचे तापमान जड जाते, आणि ज्या आजारी प्राण्याला सर्वाधिक गारवा हवा तोच सर्वांत उष्ण जागी राहतो, हे मला खटकले. मी ते बोलून दाखवल्यावर ताईंनी वाद घातला नाही. थर्मोकोलचे छत घालायचे पैसे जमत आहेत, असे त्यांनी सांगितले. दुसरी तक्रार संपर्काची आहे. भेटीची वेळ फक्त रविवारी चार ते सहा असते, एरवी फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही, आणि पहिल्या आठवड्यात कापशी जिवंत आहे की नाही हे कळायला मला दीड दिवस वाट पाहावी लागली. रोज एक ओळीचा संदेश पाठवला तरी आणणाऱ्याचा जीव भांड्यात पडेल. औषधांचा तपशीलवार हिशेबही मागितल्यावरच मिळाला. मिळाला तेव्हा मात्र तो पैशापर्यंत चोख होता. राहण्या-खाण्याचे शुल्क ते घेत नाहीत, डॉक्टर आणि औषधांचा प्रत्यक्ष खर्च तेवढा द्यावा लागतो. माझ्याकडून मी गवताची पोती पोहोचवली, आणि त्यांनाही रोख रकमेपेक्षा तेच बरे वाटले.

दत्तक देण्याच्या अटी जाचक आहेत असे काहींचे म्हणणे आहे, आणि पहिल्यांदा ऐकताना मलाही तसे वाटले होते. ते घरी येऊन जागा पाहतात, विजेच्या उघड्या वायरी झाकायला लावतात, लहान मुलाच्या नावावर प्राणी देत नाहीत आणि एकटा प्राणी देत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये गिनीपिग एकटा ठेवायला कायद्याने मनाई आहे. येथे तीच अट एक बाई आपल्या जबाबदारीवर पाळते. ससा आठ ते बारा वर्षे जगतो, त्यामुळे “दहा वर्षांनी तुम्ही कोठे असाल?” हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारतात. कापशीसाठी त्यांनी एक नसबंदी झालेला करडा नर निवडला. नसबंदीनंतरही नर काही आठवडे जननक्षम राहू शकतो, शिवाय अनोळखी ससे एकदम एकत्र सोडले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. म्हणून दोघांना आधी जाळीच्या दोन बाजूंना ठेवले, मग चादरी बदलल्या, मग रोज वीस मिनिटे एकत्र सोडले. ही ओळख सुरू केल्यापासून बाविसाव्या दिवशी त्याने तिचे कपाळ चाटले आणि त्या आठवड्यात दोघांना आमच्या घरी यायची परवानगी मिळाली.

ज्यांना असा प्राणी सापडेल त्यांनी सशा-गिनीपिगांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे चौकशी करावी; या केंद्राचा क्रमांक शहरातल्या अशा डॉक्टरांकडून मिळतो. नेताना हवेशीर खोक्यात खाली टॉवेल घालावा, उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत निघावे, त्या दिवशीच्या लेंड्या कागदाच्या पुडीत सोबत घ्याव्यात आणि प्राण्याला आंघोळ घालू नये. स्कर्व्हीतून उठलेली ती तपकिरी मादी आता धड चालते. तिची जोडी एका काळ्या-पांढऱ्या मादीशी जमली आहे, आणि हे लिहीपर्यंत त्या दोघींना घर मिळालेले नाही.