सहा की आठ: घरासाठी रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल?

शेतात वस्ती करून राहणाऱ्या माणसाला हत्याराचा परवाना मिळाला की दुकानाची पायरी चढायच्या आधी तो एक हिशेब करतो. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या, पिस्तुलात सात किंवा आठ, मग दोन जास्तीच्या का सोडायच्या? दरोडेखोर एकटा येत नाही, टोळीनं येतो, त्यामुळे या हिशेबाला कुणी नावं ठेवू नयेत. निफाडकडे द्राक्षाचे पैसे हाती येण्याच्या दिवसांत वस्तीवर रात्री कुत्रं भुंकलं की काय वाटतं, ते गावात राहणाऱ्याला सांगून कळत नाही. दोन्ही हत्यारं हाताळून मी रिव्हॉल्व्हर घेतलं. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुमचं घर, तुमची माणसं वेगळी असतील, तेव्हा माझं मत माझ्यापुरतं धरा.

आपल्याकडे निवड तशी मर्यादितच आहे. नऊ एमएम गोळीचं हत्यार आपल्याला मिळत नाही, बत्तीस बोअरच्या गोळीवर भागवायचं. रिव्हॉल्व्हर म्हटलं तर कानपूरचं जुनं ओळखीचं मॉडेल, 2014 साली आलेलं हलकं निर्भीक, किंवा उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं 2020 पासून बनू लागलेलं वेब्ली. पिस्तूल म्हटलं तर अशनी. विलायती घ्यायचं तर वॉल्थर पीपीमध्ये आठ, पीपीकेमध्ये सात. सीझेड 83 तर बत्तीस बोअरमध्ये पंधरा गोळ्यांचं निघायचं. पण सामान्य माणसाला बाहेरून हत्यार आणणं 1980 च्या दशकातच बंद झालं, त्यामुळे असं काही मिळालं तर जुन्या परवानाधारकाकडूनच, आणि तेही जमिनीच्या भावात. म्हणजे पंधराचा विचार डोक्यातून काढून टाकावा. अमेरिकेत लोक दहा की सतरा यावर वाद घालतात. न्यू जर्सी राज्यानं तर 2018 मध्ये गोळ्यांची मर्यादा पंधरावरून दहावर आणली. आपला वाद सहा आणि आठचा, आणि माझ्या मते तो खरा सहा आणि सातचाच आहे.

कसं ते सांगतो. पिस्तुलाची पूर्ण क्षमता धरायची तर मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, भरून शिवाय एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, ठेवावी लागते. घरात पोरं, म्हातारी माणसं, येणारे-जाणारे असताना चेंबरमध्ये गोळी ठेवून पिस्तूल कपाटात ठेवायला माझं मन धजत नाही. ठेवली नाही तर कागदावरची एक गोळी तिथंच कमी झाली. वर, ऐन वेळी अंधारात दोन्ही हातांनी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून मगच ते कामाचं होतं. एका हातात बॅटरी असेल तर ती आधी खाली ठेवा.

माझं ठरलं ते मात्र याच्याही पुढच्या एका गोष्टीवर. 2024 मध्ये लोकसभा झाली, मग विधानसभा. दोन्ही वेळा हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा निरोप आला. एकदा जमा करायला निघायच्या आधी मेहुण्यानं आपलं पिस्तूल आमच्या ओसरीवरच्या टेबलावर ठेवलं. मॅगझीन काढून शेजारी ठेवलेलं. सगळ्यांना वाटलं, झालं रिकामं. चहा आला, माझ्या पुतण्यानं ‘काका, बघू का?’ म्हणून हातही पुढे केला. मेहुणा जुना, सावध माणूस. त्यानं पोराला थांबवलं, नळी भिंतीकडे केली आणि स्लाइड मागे ओढली. चेंबरमधली गोळी टपकन बाहेर आली, टेबलावरच्या पेपरवरून घरंगळत बशीला जाऊन लागली. त्याला माहीत होतं. बाकी ओसरीवर कुणालाही माहीत नव्हतं.

मॅगझीन बाहेर आणि गोळी आत! हे पिस्तुलात कधीही होऊ शकतं आणि नुसत्या बघण्यानं ते समजत नाही. काही मॉडेलांत चेंबर भरल्याची खूण असते. पण ती ज्याला ठाऊक त्यालाच दिसते. घरातल्या इतरांनी हत्याराला हात लावायचाच नाही, हे खरंच आहे. परवाना माझ्या नावावर, वापरायचं मीच. तरी घर म्हटलं की कपाट आवरलं जातं, घाईत कुलूप राहून जातं. ‘ते भरलेलं आहे का हो?’ असं घरातल्या माणसानं विचारलं तर उत्तर डोळ्यांना दिसलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

कानपूरचं रिव्हॉल्व्हर मधून मोडतं. वरची खिट्टी दाबली की नळी खाली झुकते आणि सहाची सहा भोकं समोर येतात. काडतुसं असतील तर त्यांची पितळी बुडं दिसतात, त्यांवर खडकीच्या कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरंसुद्धा वाचता येतात. नसतील तर पलीकडचा उजेड दिसतो. लपून राहायला सातवी जागाच नाही. या एका सुखासाठी एक-दोन गोळ्या मी आनंदानं सोडल्या.

पिस्तुलाची बाजूही सांगितली पाहिजे. ते चपटं असतं, हातात बसतं छान, आणि भरलेलं दुसरं मॅगझीन असेल तर क्षणात पुन्हा तयार होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा संपल्या की एकेक काडतूस बोटांनी भरायचं, आणि घाबरलेल्या बोटांनी ते किती जमेल हे ज्यानं त्यानं ठरवावं. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचा चापही जड. घोडा आधी न चढवता सरळ चाप ओढला तर नेम हलतो. माझा अजूनही हलतो. नेमाच्या बाबतीत मेहुण्याचं पिस्तूल माझ्या हाती जास्त सरळ चाललं, हे मान्य करायला हरकत नाही.

पण मॅगझीनवर भरवसा बसायला ते चालवून बघावं लागतं, आणि तिथं आपला काडतुसांचा कोटा आडवा येतो. परवान्यावर लिहिलेल्या आकड्यातून सराव किती करणार आणि घरात किती ठेवणार? बत्तीसच्या पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की दोन्ही एकमेकांत गुंततात आणि पिस्तूल तिथंच अडतं. भरताना प्रत्येक काडतूस मागे नीट दाबून बसवलं तर सहसा असं होत नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. जुन्या काडतुसाचा बार उडाला नाही तर पिस्तुलात पुन्हा स्लाइड ओढा, ते काडतूस बाहेर काढा. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप परत ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. रायफल क्लबच्या रेंजवर मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत, आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणाऱ्या काडतुसांसाठी मला रिव्हॉल्व्हरचाच प्रकार बरा वाटतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हींना बत्तीसच म्हणतात, पण काडतुसं वेगळी. दुकानदाराला हत्याराचं मॉडेल सांगूनच घ्या.

आता टोळीचा मुद्दा. चार जण आले तर सहा पुरतील का? भारतीय न्याय संहितेचं कलम 41 दरोड्यात किंवा रात्रीच्या घरफोडीत स्वसंरक्षणाचा मोठा हक्क देतं, पण कलम 37 सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करता येणार नाही. पंचनाम्यात झाडलेली प्रत्येक गोळी मोजली जाते. शिवाय वस्तीवरची घरं कशी असतात ते आपल्याला ठाऊक आहे. पुढची खोली विटांची, मागची पत्र्याची, आणि त्या पत्र्यापलीकडे सालदाराचं कुटुंब झोपलेलं. चुकलेली प्रत्येक गोळी कुठंतरी जातेच. आठ गोळ्या हाताशी असल्या की आठही सुटतात, अशी मला भीती वाटते. ग्राम सुरक्षा यंत्रणेला एक फोन लावला तर गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजतात, आणि 112 आहेच. लोक पोचेपर्यंतची वेळ निभावून न्यायला दाराआड उभं राहून सहा गोळ्या मला पुरेशा वाटतात.

वडिलांची बारा बोअर डबल बार बंदूक अजून घरात आहे. तिच्यात दोनच काडतुसं, पण अंगणात तिचा नुसता आवाजही पुष्कळ काम करतो. घरात मात्र ती लांब नळी दाराच्या चौकटीला अडते. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणून ज्यांच्याकडे आधीच बंदूक आहे त्यांनी दुसरी जागा फार विचार करून भरावी.

पिस्तूल कुणी घ्यावं? जो नियमानं रेंजवर जातो, एकटा किंवा दोघंच राहतो, आणि स्लाइड ओढून चेंबर तपासल्याशिवाय हत्यार खाली ठेवतच नाही, अशी सवय ज्याच्या हाताला लागली आहे, त्यानं. माझ्या मेहुण्याला मी कधी बदल म्हणणार नाही. पण घरात पोरं असतील, हत्यार वर्षातून दोन-चारदाच बाहेर निघणार असेल, तर दुकानात दोन्ही हातात घ्या आणि दुकानदाराला विचारा, हे भरलेलं आहे की रिकामं ते लांबून कसं ओळखायचं. तो एकाच्या बाबतीत नुसतं उघडून दाखवेल. दुसऱ्याच्या बाबतीत त्याला समजावून सांगावं लागेल.