रेघांच्या लायकेनचा हर्बेरियम संग्रह: निगा उत्तम, लेबलं अपुरी

लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढ. उष्ण कटिबंधातली ग्राफिडेसी कुळातली, अंगावर रेघा असलेली लायकेन ओळखायची तर नुसत्या फोटोवर भागत नाही, हर्बेरियमच, म्हणजे वाळवून जपलेल्या नमुन्यांचा संग्रहच, गाठावं लागतं. मी काम केलेल्या संग्रहाची निगा बघून खरंच समाधान वाटलं. सालीचा प्रत्येक तुकडा पुठ्ठ्याला चिकटवून घडीच्या कागदी पाकिटात ठेवलाय, त्यामुळे वरच्या काळ्या रेघा, म्हणजे बुरशीची फळं, घासली जात नाहीत.

खरी कसोटी सूक्ष्मदर्शकाखाली लागते. रेघेचा पातळ छेद घेऊन आयोडीन सोडलं की याच कुळातल्या ग्राफिसचे बीजाणू जांभळट-निळे होतात. थॅलसच्या, म्हणजे लायकेनच्या मुख्य अंगाच्या, छेदावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर आधी पिवळा रंग आणि मग लाल सुयांसारखे स्फटिक दिसले, तर नॉरस्टिक्टिक आम्ल हे लायकेनमधलं रसायन आहे असं समजायचं. इथल्या कित्येक पाकिटांत आधीच्या अभ्यासकांनी बीजाणूंची मापं आणि रसायनं लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. हे फार मोलाचं, कारण टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून जातीचं नाव ठरलं तो मूळ नमुना, प्रत्येकाने कापायचा म्हटलं तर उरणार काय?

तक्रार लेबलांची. जुन्या पाकिटांवर नुसतं ‘सालीवर’ एवढंच; झाड कोणतं, उंची किती, काही नाही. शिवाय पूर्वी बीजाणूंच्या रंगावरून आणि कप्प्यांवरून प्रजाती (जीनस) पाडायचे. त्या काळातल्या ग्राफिना, फेओग्राफिना या नावांखालीच कपाटं लावलेली आहेत. तेव्हा जुन्या नावांची यादी सोबत न्या आणि छेद घ्यायची परवानगी आधीच लेखी मागून ठेवा.