देवाचं पूर्वज्ञान आणि तारण: ऑनलाइन बायबल कोर्सचा रिव्ह्यू

तारणाचा, म्हणजे पापापासून सुटकेचा, विषय मुळापासून समजून घ्यायचाय त्यांनी हा कोर्स नक्की करा. सगळा भर बायबलमधल्या रोमकरांस पत्र 8:29-30 वर आहे, आणि देवाला आपला विश्वास आधी दिसला म्हणून त्याने निवडलं की त्याने निवडलं म्हणून आपण विश्वास ठेवतो, हा प्रश्न इतका शांतपणे उलगडलाय की मी तो भाग परत परत ऐकला. आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी 1610 मध्ये काय मांडलं, 1618-19 च्या डॉर्टच्या सभेने (नेदरलँड्समधल्या चर्चच्या धर्मसभेने) ते का नाकारलं, दोन्ही बाजू कुणालाही कमी न लेखता सांगितल्यात, हे फार आवडलं.

सगळ्यात भारी सेशन 1 पेत्र 1:20 वरचं! ख्रिस्त जगाच्या स्थापनेआधीच नेमलेला होता, म्हणजे क्रूस हा ऐनवेळचा उपाय नव्हता, हे ऐकून खरंच डोळे भरून आले.

कमी एवढीच की रोमकरांस 9 ते 11 फार घाईत उरकलंय, इस्राएलचं काय हा पौलाचा (हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषिताचा) सगळ्यात कळकळीचा प्रश्न तिथेच तर आहे ना, त्याला अजून दोन सेशन तरी हवी होती. ऑडिओ क्लिअर आहे, नोट्स ठीकठाक. 5 पैकी 4 स्टार.