रॉ की जेपेग? हौशी छायाचित्रकाराने काय निवडावं

नवा कॅमेरा खोक्यातून बाहेर येतो तेव्हा तो जेपेगवर, म्हणजे कॅमेऱ्यातच तयार होऊन येणाऱ्या फोटो-फाइलवर, लावलेला असतो. मग कुणीतरी सांगतं, ‘रॉमध्ये काढ, क्वालिटी भारी मिळते.’ रॉ म्हणजे कॅमेऱ्याने न सजवलेली कच्ची फाइल. पण हे सांगणं अर्धंच खरं आहे. रॉवर गेल्याने लेन्स बदलत नाही, हात हलायचा थांबत नाही आणि चुकलेला फोकस चुकलेलाच राहतो. फरक पडतो तो एवढाच: रंग, उजेड, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस यांचे निर्णय कॅमेऱ्याने जागच्या जागी उरकायचे, की तुम्ही घरी कॉम्प्युटरवर बसून घ्यायचे. बसायला वेळ किंवा हौस नसेल, तर रॉ फाइल म्हणजे न शिजवलेला शिधा. घरभर साठत जाईल, पण ताटात काही पडणार नाही.

फाइलमध्ये नेमकं असतं काय

सेन्सरवरच्या पिक्सेलला रंग कळत नाही, तो फक्त किती उजेड पडला ते मोजतो. म्हणून त्याच्यावर रंगीत फिल्टरची जाळी असते: दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही मांडणी बहुतेक कॅमेऱ्यांत आजही चालते. रॉ फाइल म्हणजे या मोजमापांची जवळजवळ कच्ची नोंद, सहसा १२ किंवा १४ बिटची. म्हणजे दर पिक्सेलला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या. कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू ही सगळी याच कुटुंबातली.

जेपेग करताना कॅमेरा याच नोंदीतून पूर्ण रंगीत चित्र बांधतो, व्हाइट बॅलन्स लावतो (उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरं पांढरं दिसेल असे रंग जुळवतो), कॉन्ट्रास्ट चढवतो, नॉइज म्हणजे दाणेदार ठिपके पुसतो, शार्पनिंग करतो आणि सगळं ८ बिटमध्ये, म्हणजे दर रंगाला २५६ पायऱ्यांत बसवतो. मग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील टाकून देतो. इथे जेपेगवर अन्याय करू नये: या २५६ पायऱ्या डोळ्याच्या सवयीप्रमाणे वाटलेल्या असतात, त्यामुळे तयार फोटो म्हणून तो कुठेही कमी दिसत नाही. उणीव उघडी पडते ती एडिटिंगमध्ये फोटो ताणायला घेतला की.

उजेड चुकला तर

पावसाळ्यात रायगडावर उभे आहात. वर पांढरे ढग, खाली ओला काळा कातळ. जेपेगमध्ये ढग एकदा २५५ ला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला, टेकला की तिथे माहितीच उरत नाही. ‘हायलाइट्स’ची पट्टी कितीही खाली ओढा, ढगाच्या जागी राखाडी डाग येतो. रॉमध्ये त्याच ढगात बऱ्याचदा अर्धा ते एक स्टॉप शिल्लक सापडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सावलीचा फरक याहून मोठा आहे. आयएसओ १०० वर, म्हणजे कमी संवेदनशीलतेवर, काढलेल्या रॉमध्ये कातळ दोन स्टॉप उजळला तरी दगडाचा पोत टिकतो. जेपेगमध्ये एका स्टॉपनंतरच चौकोनी ठिपके आणि रंगीत डाग वर येऊ लागतात. निरभ्र आकाशाचा गडदपणा वाढवायला गेलात तर पट्टे पट्टे दिसतात, ते याच अपुऱ्या पायऱ्यांमुळे.

पण रॉला तळ नाही असं समजू नका. तिन्ही रंगांत सेन्सर भरून वाहिला असेल, तर तिथे रॉमध्येही काही नसतं. शिवाय एक फसगत नेहमीची: कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख) आणि लुकलुकणारी ‘जास्त उजेड’ची सूचना ही रॉवरून नव्हे, आतल्या जेपेग प्रिव्ह्यूवरून काढलेली असते. रॉ काढणाऱ्याने पिक्चर स्टाइल (जेपेगच्या रंगरूपाचं सेटिंग) ‘न्यूट्रल’ ठेवली आणि कॉन्ट्रास्ट उतरवला, की हिस्टोग्राम खऱ्याच्या जरा जवळ येतो.

लाल जास्वंदीचा फोटो काढून बघा. साधा ब्राइटनेसचा हिस्टोग्राम ठीकठाक दिसतो, पण लाल चॅनल केव्हाच उजव्या भिंतीला धडकलेला असतो, आणि पाकळीवरच्या शिरा जाऊन सपाट लाल ठिगळ उरतं. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू ठेवा आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग) उणे ०.७ करा. जेपेगवाल्याला हे जागेवरच करावं लागतं. रॉवाल्याला थोडी उशिरा सुधारायची मुभा मिळते, तीही लाल रंगाचं सॅच्युरेशन उतरवूनच.

रंग चुकला तर

रॉचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फक्त फाइलसोबत लिहिलेली सूचना असते, नंतर हवी तशी बदलता येते आणि काही बिघडत नाही. जेपेगमध्ये ती रंगात मुरलेली असते.

हळदीचा कार्यक्रम हे याचं उत्तम उदाहरण. चेहरा, कपडे, झेंडू, सगळं पिवळं. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं, उजेडच पिवळा आहे. तो निळं ओततो, हळद फिकी पडते आणि नवरीचा चेहरा आजारी दिसतो. भरीला कार्यालयातले पिवळे दिवे साधारण २,७०० ते ३,२०० केल्विनचे (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) आणि खिडकीतून येणारा उजेड ५,५०० च्या आसपास. जेपेग काढणार असाल तर ऑटो बंद करा आणि मुख्य उजेडाप्रमाणे केल्विनचा आकडा स्वतः टाका, किंवा त्याच उजेडात ग्रे कार्डचा, म्हणजे निव्वळ राखाडी पुठ्ठ्याचा, फोटो काढून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. पांढरा कागद टाळलेला बरा, त्यातल्या चकाकी आणणाऱ्या रसायनांमुळे तो निळसर झुकतो. रॉ असेल तर ग्रे कार्डची एकच फ्रेम काढून ठेवा, घरी त्यावर आयड्रॉपरने टिचकी मारा आणि तोच आकडा बाकी फोटोंना लावा. खिडकी आणि बल्ब दोन्ही चेहऱ्यावर पडत असतील तर मात्र एका आकड्याने भागत नाही. रॉ असली तरी चेहऱ्याचा अर्धा भाग मास्क करून, म्हणजे तेवढाच निवडून, वेगळा सुधारावा लागतो.

जिथे रॉसुद्धा हात टेकते अशा दोन जागा: ऑर्केस्ट्राच्या स्टेजवरचे निव्वळ निळे-जांभळे एलईडी आणि रस्त्यावरचे जुने सोडियमचे दिवे. उजेडातच बाकीचे रंग नसतात, तर आणणार कुठून? असे फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा.

जागा, वेग, वेळ

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे अंदाजे आकडे असे:

| | रॉ | जेपेग (लार्ज, फाइन) |
|---|---|---|
| एका फोटोचा आकार | २५ ते ३० एमबी | ८ ते १२ एमबी |
| ६४ जीबी कार्डावर | २,२०० च्या आसपास | ६,००० च्या आसपास |
| सलग फोटो, साध्या कॅमेऱ्यात | डझनभरानंतर अडखळतो | बराच वेळ चालतो |
| लगेच पाठवता येतो का | नाही | हो |

तिसऱ्या ओळीकडे दुर्लक्ष होतं. लेझीम, ढोल-ताशा पथक, मुलांचं क्रिकेट यांसाठी बटण दाबून धरावं लागतं. स्वस्त बॉडीचा बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती मेमरी) रॉने भरला की कॅमेरा थांबतो आणि नेमकी उडी हुकते. अशा वेळी जेपेगच शहाणपणाचं.

वेळेचा हिशेब तर सरळच आहे. सहलीचे ३०० फोटो, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे १० तास. त्यामुळे रॉ काढायची तर आधी निर्दयपणे निवड करा. ३०० पैकी ४० ठेवा, एकसारख्या उजेडातला एक फोटो सुधारा आणि त्याच्या सेटिंग्ज बाकीच्यांवर कॉपी करा. हे दोन तासांत होतं.

रॉ घेतलीत तर

कॉम्प्युटरवर पहिल्यांदा रॉ उघडणाऱ्याला धक्का बसतो: क्षणभर झकास दिसलेला फोटो डोळ्यांदेखत मळकट होतो. बिघाड काही नसतो. आधी फाइलमध्ये दडलेला जेपेग दिसतो, मग सॉफ्टवेअर स्वतःचं प्रोफाइल लावतं. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइलच्या यादीतून ‘कॅमेरा स्टँडर्ड’ निवडलं की रंग बरेचसे ओळखीचे होतात.

पुढचा क्रम: लेन्स करेक्शन (१८-५५ किट लेन्सच्या १८ टोकाला सरळ भिंती बाहेर फुगलेल्या दिसतात, त्या इथे सरळ होतात), मग व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग हायलाइट्स खाली आणि शॅडोज वर. शॅडोज शंभरपर्यंत ओढायचा मोह आवरा, सावलीच नसलेला फोटो कागदाच्या कात्रणासारखा दिसतो. व्हाइट्स आणि ब्लॅक्सने दोन टोकं बसवा. सॅच्युरेशनपेक्षा व्हायब्रन्स बरा, तो आधीच भडक असलेल्या रंगांना आणि त्वचेला कमी हात लावतो. शार्पनिंग शेवटी, १०० टक्के झूमवर बघून. लाइटरूम मूळची अमाउंट ४० ठेवतं, बहुतेकदा तेवढी पुरते. मास्किंगची पट्टी ऑल्ट दाबून ओढली की शार्पनिंग कुठे लागतंय ते पांढऱ्या रेषांत दिसतं. आकाश आणि गाल काळे होईपर्यंत ओढा.

एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस (फाइलमधल्या रंगांची व्याप्ती) एसआरजीबी ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये दिलेली फाइल ती न ओळखणाऱ्या लॅबमध्ये आणि फोनवर फिकी पडते. ऑनलाइनसाठी लांब बाजू २,०४८ पिक्सेल आणि क्वालिटी ८० ते ८५ पुरे. ८ बाय १२ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने २,४०० बाय ३,६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर सगळ्या मेहनतीवर पाणी.

सॉफ्टवेअरसाठी लगेच पैसे मोजायची गरज नाही. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहेत आणि कॅमेऱ्यातल्या सेटिंग्ज ओळखत असल्यामुळे सुरुवातीचा मळकटपणाही टळतो. सुरुवात तिथूनच करावी. डार्कटेबल आणि रॉथेरपी हीसुद्धा मोफत आणि ताकदीची, पण डार्कटेबलची मांडणी नवख्याला पहिला महिनाभर रडवते. लाइटरूम शिकायला सोपं, मात्र वर्गणी चालू राहते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या कॅमेऱ्याची रॉ उघडत नसेल तर अ‍ॅडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून आधी डीएनजी या सामाईक रॉ प्रकारात रूपांतर करा. आणि बॅकअप घेताना रॉच्या शेजारच्या एक्सएमपी फाइल मागे सोडू नका. लाइटरूम-डार्कटेबलमधलं एडिटिंग रॉमध्ये नव्हे, त्या फाइलींत किंवा लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये साठलेलं असतं.

जेपेग घेतलात तर

इथे मेहनत आधी करायची असते. क्वालिटी लार्ज-फाइन, हाय आयएसओ नॉइज रिडक्शन ‘लो’ (जास्त केलं की त्वचा मेणासारखी होते). पांढऱ्या कपड्यांतल्या वारकऱ्यांनी फ्रेम भरली असेल तर मीटर त्यांना राखाडी करतो, म्हणून कॉम्पेन्सेशन अधिक ०.७ ते १. काळी म्हैस फ्रेमभर असेल तर उलट, उणे ०.७. एडिटिंगमध्ये एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपपलीकडे हलवू नका, मूळ फाइल बाजूला ठेवून कॉपीवर काम करा आणि एकदाच सेव्ह करा. दर सेव्हला थोडा तपशील गळतो.

जेपेग म्हणजे नवशिक्यांचं, हा समज मात्र सोडून द्या. रॉयटर्सने २०१५ मध्ये बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवलं होतं की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातले जेपेगच द्या. कारणं दोन: वेग आणि विश्वासार्हता.

फोनचं वेगळं आहे

फोन एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो. प्रो मोडमधली डीएनजी पुष्कळ फोनवर एकाच फ्रेमची असते, म्हणून ती जास्त नॉइजची आणि कडांना काळवंडलेली दिसते. अशा फोनवर जेपेगच बहुधा सरस ठरतो. आयफोनच्या प्रो मॉडेलमधलं प्रोरॉ अनेक फ्रेम जोडून बनतं, पण १२ मेगापिक्सेलला सुमारे २५ एमबी आणि ४८ ला सुमारे ७५ एमबी खातं. सूर्यास्त किंवा ट्रायपॉडवरचा रात्रीचा देखावा असेल तेव्हाच ते चालू करावं.

मग कोणी काय घ्यावं

घरगुती समारंभ, शाळेचं गॅदरिंग, सहल, फोटो त्याच संध्याकाळी नातेवाइकांना द्यायचे: जेपेग. निसर्गदृश्य, कास पठारावरची फुलं, मंडपातल्या फोकस लाइटमधली गणेशमूर्ती, किंवा भिंतीवर लावायची मोठी प्रिंट: रॉ. स्पर्धेत फोटो पाठवायचा असेल तरीही रॉ, कारण बऱ्याच स्पर्धांत शेवटच्या फेरीत कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागतात.

ठरतच नसेल तर दोन महिने ‘रॉ + जेपेग’ ठेवा. कार्ड लवकर भरेल आणि बफर आणखी लवकर दमेल, पण तेवढं सोसा. मग फोल्डर उघडून मोजा: तुम्ही लोकांना दाखवलेल्या फोटोंपैकी किती रॉवरून बनले? पाचातला एकही नसेल तर मेनूत जाऊन जेपेग करा. निम्म्याहून जास्त असतील तर जेपेग बंद करा, तो नुसती जागा अडवतोय.